टीव्ही गेमच्या खोक्यावरचे आकडे



मुंबईला कामाला असलेला काका किंवा मामा गणपतीत गावी आला की त्याच्या पिशवीतून टीव्ही गेमचं खोकं निघायचं. नव्वदच्या दशकात रायगड जिल्ह्यातल्या धरमतर, वडखळ, पेण, रोहा या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत व्हिडिओ गेम असाच पोचला. मुंबईच्या मनीष मार्केटात घेतलेला, बिल नाही, माहितीपत्रक असलंच तर चिनी भाषेतलं. खोक्यावर नाव कुठलंही असो, आत बहुधा जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं १९८३ साली बाजारात आणलेल्या फॅमिकॉम या यंत्राची नक्कल असायची.

त्याच्या कॅसेटवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असे, ‘९९९९ इन १’. प्रत्यक्षात गेम असायचे मोजके. तोच मारिओ पुढच्या पानावर दुसऱ्या नावानं यायचा, तोच कॉन्ट्रा कुठे तिसऱ्या टप्प्यापासून तर कुठे जास्त जीव देऊन सुरू व्हायचा. मुलांना हे दोन दिवसांत कळे. पैसे मोजणाऱ्या काकांना ते बहुधा कधीच कळत नसे. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण तीस वर्षांनंतरही घराघरांत हीच वाटणी आहे. यंत्राची माहिती मुलांकडे आणि पैसे मोठ्यांकडे.

मुलांचं ज्ञानही काही बाबतींत चुकीचं होतं. कॅसेट चालली नाही की सगळे ती तोंडानं फुंकायचे. चालायची ती फुंकरीमुळे नव्हे, काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. फुंकरीतल्या ओलाव्यानं उलट आतल्या पिना गंजतात. आपल्या खारेपाटाच्या, म्हणजे खाडीकाठच्या, दमट हवेत तर आधीच लोखंड टिकत नाही.

आता या टीव्ही गेमसोबत मिळणाऱ्या बंदुकीबद्दल सांगतो. बदकं मारायचा तो गेम तुमच्यापैकी अनेकांनी खेळला असेल. त्या बंदुकीतून काहीच बाहेर पडत नसे. घोडा दाबला की टीव्हीचा पडदा क्षणभर पूर्ण काळा व्हायचा आणि लगेच बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन उमटायचा. हे सारं इतक्या झटकन की डोळ्याला नुसती लुकलुक दिसावी. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक छोटा भाग बसवलेला असे. काळ्यानंतर त्याला पांढरं दिसलं, म्हणजे नेम लागला. जुन्या, फुगीर काचेच्या टीव्हीवर चित्र तत्क्षणी उमटायचं, म्हणून हा हिशेब जुळे. नव्या सपाट टीव्हीवर चित्र यायला किंचित उशीर होतो, त्या पडद्याच्या प्रकाशाची जातही वेगळी. तिथे ती जुनी बंदूक काही केल्या नेम धरत नाही. बंदूक बिघडलेली नसते, गेमही बिघडलेला नसतो. घरातला टीव्ही बदललेला असतो.

माझा सगळा मुद्दा या बंदुकीत आहे. खोक्यावर छापलेलं वैशिष्ट्य एकट्या यंत्राचं नसतं. ते घरातल्या टीव्हीवर, वायरवर, इंटरनेटवर अवलंबून असतं, आणि विकताना नेमकं तेवढंच सांगायचं राहून जातं.

अलीकडचं उदाहरण घ्या. सोनीचं प्लेस्टेशन ५ हे गेमयंत्र भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आलं. डिस्कवाल्या यंत्राची किंमत होती ४९,९९० रुपये. खोक्यावर फोर-के, १२० हर्ट्झ, एवढंच काय, एट-केचाही उल्लेख होता. १२० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला १२० चित्रं. ती दिसायला टीव्हीही तसाच लागतो. साधा, सेकंदाला साठ चित्रं दाखवणारा टीव्ही असेल, तर यंत्र कितीही धावलं तरी दिसणार साठच. फोर-के आणि १२० दोन्ही हवं तर वायरही त्या ताकदीची हवी. अशी वायर यंत्रासोबत खोक्यातच येते. बरेच जण मात्र ती तशीच ठेवून सेट टॉप बॉक्सची जुनी वायर लावतात. एट-केचा उल्लेख पुढे नव्या खोक्यांवरून गेलाच.

साठवणीची जागा ८२५ जीबी लिहिलेली. यंत्राचं स्वतःचं सामान वजा जाता गेमसाठी उरायची साधारण ६६७ जीबी. एकेक मोठा गेम शंभर जीबीच्या घरात जातो. रोज दोन जीबीचा मोबाइल पॅक असलेल्या घरात असा एक गेम उतरवायचा तर पन्नास दिवसांचा डेटा लागेल. डिस्कची फट नसलेलं यंत्र दहा हजारांनी स्वस्त होतं, पण ते घेणाऱ्याला प्रत्येक गेम असाच उतरवावा लागायचा. शिवाय खेळून झालेली डिस्क मित्राला देता येते किंवा विकता येते, उतरवलेला गेम तसा देता येत नाही. ज्या गावात घरात वायरचं इंटरनेट पोचलेलं नाही, तिथल्या पालकांना दुकानदारानं हे आपणहून सांगायलाच हवं.

आणखी एक, अगदी फुकटातली गोष्ट. बटण दाबल्यावर पडद्यावरचा माणूस किंचित उशिरा उडी मारतो, अशी तक्रार ऐकू येते. दोष बहुतेक वेळा टीव्हीचा असतो. तो चित्र सुंदर करण्यात वेळ घालवतो. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो चालू केला की फरक लगेच हाताला जाणवतो.

विकत घेतल्यावर यंत्र बदलतंही. सोनीच्याच जुन्या प्लेस्टेशन ३ वर लिनक्स ही संगणक प्रणाली चालवायची सोय होती. सोनीनं १ एप्रिल २०१० च्या अपडेटमध्ये ती काढून टाकली. अपडेट नाकारावं तर ऑनलाइन खेळणं बंद. अमेरिकेत त्यावर ग्राहकांनी दावा लावला आणि तो तडजोडीनं मिटला. उलट प्लेस्टेशन ५ मध्ये जादा साठवण बसवायची जागा पहिल्या दिवसापासून होती, पण ती वापरता आली सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर.

पालकांना सर्वांत कमी माहीत असलेली सोय मात्र त्यांच्याचसाठी केलेली असते. मुलाचं वेगळं खातं काढून रोजच्या खेळाची वेळ ठरवता येते, खर्चाला मर्यादा घालता येते. गेमच्या डबीवरचा १८ हा आकडा वयाचा असतो, गेमच्या भागाचा नव्हे. हे मराठीत छापलेलं एक पान खोक्यात का नसावं? मोबाइलचं बँकिंग मराठीत आलं, मग हे का नाही?

ही नुसती अपेक्षा नाही. मालाचा दर्जा, प्रमाण, क्षमता यांची माहिती मिळणं हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं दिलेला हक्क आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा ग्राहकाच्या पाठीशी असा कायदाच नव्हता. १९८६ चा कायदा आला तरी तक्रार बहुधा विक्रेत्याच्या गावी जाऊन करावी लागे. आता आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते. यंत्र मुंबईत घेतलेलं असो की ऑनलाइन मागवलेलं, धरमतरच्या माणसाला अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला फी नाही. आयोगाकडे जाण्याआधी १९१५ या क्रमांकाच्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं. दोन्हीकडे पहिला प्रश्न बिलाचा असतो. म्हणून दुकानात पक्कं बिल मागा, आणि खोक्यावरच्या मजकुराचा एक फोटो काढून ठेवा.