घाई आणि हाक



संगणकाच्या पडद्यावरचं बटण दाबलं आणि काहीच घडलं नाही, तर आपण काय करतो? पुन्हा दाबतो. समजा, अंबड किंवा भोकरदनच्या एखाद्या सेवा केंद्रात विद्यार्थी परीक्षा शुल्क भरतोय. बटण दोनदा दाबलं गेलं आणि पैसेही दोनदा कापले गेले. मग आजूबाजूचे म्हणतात, पोराला दम नाही. मी बी. ए. झालेला कवी, पण पुण्यात प्रोग्रॅम लिहिणाऱ्या भाच्यानं समजावलं, तेव्हा कळलं की दोष पोराचा नसतो.

चित्रं आणि बटणं असलेल्या पडद्यामागचा प्रोग्रॅम बहुतेक वेळ नुसती वाट पाहत असतो. क्लिक, दाबलेली कळ, माऊसची हालचाल, या प्रत्येकाला 'इव्हेंट' म्हणतात. मी त्याला हाक म्हणतो. या हाका रांगेत उभ्या राहतात. मुशायऱ्यात नाझिम एकेका शायराला बोलावतो, तसंच. एखाद्यानं माइक सोडलाच नाही, तर बाकीचे ताटकळतात. प्रोग्रॅम सर्व्हरच्या उत्तरासाठी अडून बसला की पडदा गोठतो. पण दुसरी क्लिक हरवत नाही. ती रांगेत थांबते आणि पाळी आली की तेच काम पुन्हा करवते.

यावर उपाय आहेत. पहिल्या क्लिकलाच बटण बंद करायचं. वेळखाऊ काम बाजूला चालवायचं. प्रत्येक भरण्याला क्रमांक द्यायचा, म्हणजे तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर पैसे घेणार नाही.

अवघड असतं ते दोष पकडणं. प्रोग्रॅम मध्येच थांबवून पाहिला की वेळेचं गणित बदलतं आणि दोष दडी मारतो. म्हणून प्रत्येक हाकेची वेळेसह नोंद ठेवतात.

कधी कधी तेवढ्यानंही भागत नाही. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्रामुळे १९८५ ते १९८७ दरम्यान अमेरिका-कॅनडात सहा रुग्णांना किरणांची भयंकर जादा मात्रा मिळाली, काही दगावले. त्याच्या पडद्यावर चित्रं नव्हती, नुसती अक्षरं होती. दोष मात्र याच जातीचा. टेक्सासमधल्या टायलर इथं १९८६ साली यंत्र चालवणाऱ्या बाईंनी चुकीचं अक्षर झटपट दुरुस्त केलं. पडद्यावर दुरुस्ती दिसली. पण यंत्र आठेक सेकंद चुंबकांच्या जुळणीत गुंतलं होतं, त्याला ती कळलीच नाही. कंपनीच्या अभियंत्यांना बिघाड पुन्हा घडवता आला नव्हता. रुग्णालयाचे भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर यांनी त्या बाईंना सोबत घेऊन, त्यांच्याच वेगानं पुन्हा पुन्हा नोंदी केल्या, तेव्हा तो सापडला. सवयीचा, भराभर चालणारा हात हाच पुरावा ठरला.

म्हणून केंद्रावरच्या पोराला रागावण्याआधी त्याला विचारावं: आधी काय दाबलंस, मग काय, आणि किती वेळानं? प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हवी असलेली साक्ष त्याच्याचकडे असते.