अस्थिघनतेचा कागद वाचावा कसा?

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात तलासरी येथे दिलेले व्याख्यान)



विषय काहीसा रूक्ष आहे, हे मी प्रथमच मान्य करतो. परंतु अलीकडे आपल्या घरांतून हाडांच्या तपासणीचा एक कागद येऊ लागला आहे. त्यावर एक रंगीत आलेख असतो आणि काही उणे आकडे असतात. ते पाहून कोणी घाबरून जातो, तर कोणी उगाच निर्धास्त होतो. यांपैकी दुसऱ्या प्रकाराचे मला अधिक भय वाटते.

सत्तरी ओलांडलेल्या एका आजींची हकीकत सांगतो. त्यांच्या कागदावर कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर उणे १.१ होता. 'वयाच्या मानाने उत्तम' असे सांगून त्यांना घरी पाठविण्यात आले. पुढच्याच वर्षी न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. नंतर मी तो जुना कागद मागवून पाहिला. दुसऱ्याच ओळीत मांडीच्या हाडाच्या मानेचा आकडा होता, उणे २.८! तो कोणी वाचलाच नव्हता.

असे का व्हावे? उतारवयात मणक्यांच्या कडांना हाडाचे कंगोरे फुटतात आणि सांधे निबर होतात. पोटातील महारोहिणीच्या भिंतीतही चुना साचतो. यंत्राला हे सारे हाडच भासते, आणि आकडा खोटाच चांगला येतो. दबलेला मणकाही असाच दाट दिसतो. यास्तव असे विकृत मणके हिशेबातून वगळावयाचे असतात. आणि मणके, संपूर्ण खुबा व मांडीच्या हाडाची मान यांत जो आकडा सर्वांत खालचा, त्यावरून निदान करावयाचे असते. यवतमाळ-चंद्रपूरकडे ज्या गावांच्या पाण्यात फ्लोराइड अधिक आहे, तेथे तर हाड दाट दिसूनही ठिसूळ असू शकते.

आता हा टी-स्कोअर म्हणजे काय? निरोगी तरुण स्त्रियांच्या सरासरीपासून आपले हाड किती प्रमाणविचलने खाली आहे, ते सांगणारा हा आकडा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली मर्यादा घातली: उणे १ पर्यंत ठीक, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, मधली अवस्था ऑस्टिओपेनिया. ही तरुणी मात्र आपल्या वाडीतील नव्हे. मांडीच्या हाडाच्या मानेसाठी पुष्कळ ठिकाणी २० ते २९ वर्षांच्या गोऱ्या अमेरिकन स्त्रियांची सरासरी धरली जाते. शिवाय यंत्र हाडाची लांबी-रुंदी मोजते, जाडी मोजत नाही. म्हणून चणीने लहान असलेल्या स्त्रीचा आकडा मुळातच थोडा खाली येतो.

ही मर्यादा रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांसाठी आणि पन्नाशीपुढच्या पुरुषांसाठी आहे. तरुणांसाठी समवयस्कांशी तुलना करणारा झेड-स्कोअर पाहावयाचा, आणि तो उणे २ वा खाली असला तरी केवळ तेवढ्यावरून रोगाचे नाव द्यावयाचे नाही. एका शिबिरात टाचेवर ध्वनिलहरींचे छोटे यंत्र लावून सव्वीस वर्षांच्या एका मुलीला 'हाडे ठिसूळ' असे सांगण्यात आले, आणि जुळत आलेली सोयरीक थांबली. वस्तुतः १९९४ ची मर्यादा त्या टाचेच्या यंत्राला लागूच पडत नाही. ती डेक्सा नावाच्या क्ष-किरण तपासणीसाठी आहे.

त्या मुलीचे अंग दुखत असे, उकिडवे बसून उठताना त्रास होई. रक्त तपासले, तेव्हा ड जीवनसत्त्व फारच कमी निघाले. आपल्याकडे ऊन मुबलक, म्हणून हे जीवनसत्त्वही मुबलक, असा आपला गोड समज आहे. या कमतरतेने हाड मऊ पडते, त्याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. डेक्साचा आकडा दोन्ही रोगांत खालीच येतो; यंत्राला भेद कळत नाही. म्हणून आधी रक्त तपासावे. ही उणीव न भरता ठिसूळपणाची काही औषधे दिली, तर रक्तातील कॅल्शियम एकाएकी उतरू शकते.

याच्या उलट बाजू अशी की, उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडला किंवा विशेष आघाताविना मणका दबला, तर आकडा उणे १.५ असला तरी, अन्य कारण नसल्यास, तो ऑस्टिओपोरोसिसच समजावा. शेफील्ड येथे २००८ साली तयार झालेले फ्रॅक्स नावाचे गणितही वय, वजन, पूर्वीचा अस्थिभंग, आईवडिलांपैकी कोणाचा मोडलेला खुबा, धूम्रपान, स्टेरॉइडचे सेवन या गोष्टी विचारते. घनतेचा आकडा त्यात अनेकांपैकी एक.

शेवटी, आपल्या सीमेवरच्या लोकांची एक खास अडचण. पहिली तपासणी वापीला, दुसरी मुलाकडे मुंबईला. दोन निरनिराळ्या यंत्रांचे आकडे शेजारी ठेवून 'औषध लागू पडले' किंवा 'वाया गेले' असे म्हणता येत नाही. त्याच यंत्रावर, साधारण एकदोन वर्षांनी तपासावे. आणि त्यातही किरकोळ फरक हा मोजण्यातलाच असू शकतो. माझ्याकडे येताना एक पानी सारांश आणू नये, चित्रांसह सगळा अहवाल आणावा. मी आधी मणक्यांचे चित्र पाहतो, आकडा मागाहून.