कषाय आणि रंग



कापडाला पक्का रंग चढवायचा असेल, तर जुने रंगारी ते आधी हिरड्याच्या काढ्यात भिजवीत. तसे न केल्यास रंग पहिल्याच धुण्यात उतरे. अशा तुरट काढ्याला संस्कृतात कषाय म्हणतात. क्रोध, मान, माया आणि लोभ या चार विकारांना जैन आचार्यांनी हेच नाव दिले, कारण आत्म्याला कर्म चिकटते ते त्यांच्यामुळे. माणूस बिघडतो कशाने, या प्रश्नाचा विचार करताना ही उपमा फार दूरवर नेते. प्रलोभनाचा रंग सर्वांवरच उडतो. टिकतो मात्र ज्याच्यात कषाय आधीच मुरला आहे त्याच्यावर.

सातारा-सांगलीच्या मातीतील लेखकांनी या प्रश्नाचा पाठपुरावा मोठ्या निष्ठेने केला. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे भाषांतर १८८३ साली प्रसिद्ध केले. त्यांनी त्याला राजपुत्राचे नाव दिले नाही. 'विकारविलसित' असे नाव दिले. सांगलीच्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची 'भाऊबंदकी' १९०९ मध्ये रंगभूमीवर आली. तिच्यामागे ३० ऑगस्ट १७७३ रोजी झालेला नारायणराव पेशव्यांचा खून आहे. 'ध'चा 'मा' झाल्याची कथा घरोघर सांगितली जाते. पण एका अक्षराने एवढा अनर्थ घडतो, तो त्या अक्षराची वाट पाहणारे मन तयार असते म्हणून. त्याच दरबारात साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणेही होते. पद आणि मान त्यांनाही होता. त्यांनी राघोबादादांना दोषी ठरविले, पुणे सोडले आणि ते वाईजवळच्या पांडववाडीत जाऊन राहिले.

परंतु राजवाड्यातील पापापेक्षा ओटीवरचे पाप ओळखणे कठीण असते. ते दाखविले सांगलीशेजारच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवल यांनी. त्यांचे 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आले. कांचनभट हा शारदेचा बाप. तो दरोडेखोर नाही, व्यसनी नाही. पूजापाठ करणारा गृहस्थ आहे. तरीही पैशाच्या लोभाने तो कोवळी मुलगी भुजंगनाथ या जख्ख म्हाताऱ्याच्या पदरी बांधायला निघतो. आई विरोध करते, तिचे कोणी ऐकत नाही. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ दोन्हीकडची मने वळवितो. नाटक पाहणारे बहुतेक जण सारा दोष त्याच्या माथी मारून मोकळे होतात. वास्तविक भद्रेश्वराने फक्त रंग ओतला. कांचनभट आधीच भिजलेला होता.

याहून खोल गोष्ट नाटकाच्या शेवटाकडे आहे. हे लग्न मोडते ते वराच्या वयामुळे नव्हे, वधूच्या अश्रूंमुळेही नव्हे. वधू-वर सगोत्र असल्याचे उघडकीस येते म्हणून ते मोडते. म्हाताऱ्याशी लग्न चालत होते, पैशांचा व्यवहारही चालत होता. गोत्र निघाले तेव्हा धर्म आठवला! देवलांनी हा टोमणा किती शांतपणे मारला आहे.

शारदेच्या काळी मुलगी देऊन पैसा मिळे, म्हणून बापाचा लोभ जागा होई. पुढे हुंड्याने हिशेब उलटा केला आणि मुलगी खर्चाच्या बाजूला मांडली गेली. तपासणीवर आज काही शेकडे खर्चा आणि उद्याचे हजारो वाचवा, असा सल्ला १९८० च्या दशकात मुंबईत जाहिरातींतून उघड दिला जात असे. व्यापाऱ्याला हा हिशेब पटकन कळतो, हेच भयंकर आहे. अशा तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरी २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली सातारा जिल्ह्यात ८९५ आणि सांगलीत ८६७ होत्या. कृष्णाकाठच्या उसाने घरे पक्की झाली, सोनोग्राफीची यंत्रे आली. यंत्र हा तर केवळ रंग होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरात साताऱ्यात 'नकुशी' हे नाव वागविणाऱ्या २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. त्या निदान जन्मल्या होत्या. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे गर्भपातानंतर एका स्त्रीचा मृत्यू झाला आणि तपासात पोलिसांना जमिनीत पुरलेले १९ भ्रूण सापडले. देवलांचे हरिपूरही याच तालुक्यात, याच कृष्णेच्या काठी.

हे इतरांचे पाप आहे, असे या सभागृहात कोणाला वाटत असेल, तर आणखी एक आकडा सांगणे भाग आहे. २००१ च्या जनगणनेत जैनांची साक्षरता ९४ टक्क्यांहून अधिक, म्हणजे सर्व धर्मीयांत प्रथम क्रमांकाची होती. त्याच गणनेत सहा वर्षांपर्यंतच्या मुलींचे देशाचे प्रमाण ९२७, तर जैनांचे ८७० होते. २०११ मध्ये ते ८८९ वर आले. पाणी गाळून पिणारा, सूर्यास्तानंतर न जेवणारा, पर्युषणात हातातला व्यवहार बाजूला ठेवणारा हा समाज. त्यातली बहुतेक घरे सज्जनांची. कोणीही हातात शस्त्र घेतले नाही. तपासणीची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली, एवढेच. घरातल्या वडीलधाऱ्यांनी विचारले नाही आणि शेजाऱ्यांनी पेढे न आल्याची चौकशी केली नाही. कांचनभटाच्या ओटीवरही असेच सारे गप्प बसले होते.

त्या न जन्मलेल्या मुलींच्या वयाचे मुलगे आता लग्नाचे झाले आहेत. वधू-वर मेळाव्यांत मुलांच्या नावांची रांग लांबते, मुलींची पाने चटकन संपतात. शेती करणाऱ्या घरांतील कर्ते मुलगे तिशी ओलांडून बसले आहेत. मग कोणीतरी दूरच्या मुलुखातून स्थळ आणून देतो, त्याची दलाली ठरते आणि या वेळी ती मोजतो मुलाचा बाप. भद्रेश्वर दीक्षित पुन्हा कामाला लागला आहे.