घरी आलेले कुत्रे

झाशीच्या लक्ष्मी तालाकाठी गंगाधरराव नेवाळकरांची छत्री आहे. नोव्हेंबर १८५३ मध्ये, मृत्यूच्या आदल्या दिवशी, त्यांनी बाळ आनंदरावास दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदर ठेवले. माणसाचे दत्तविधान असे एका दिवसात होऊ शकते. मुक्या जिवाचे होत नाही.

याच तलावाकाठचे एखादे कुत्रे कोणी घरी नेले, तर दार लागताच त्याचे जग पालटते. चार भिंती, फिरता पंखा, कुकरची शिट्टी, सारेच अनोळखी. ते पलंगाखाली दडते, अन्नाजवळ कोणी गेले की गुरगुरते, घरात घाण करते. घरच्यांना हा हट्ट वाटतो. बहुधा ती भीती असते. गुरगुरणे ही चावण्यापूर्वीची सूचना होय. ती मारून बंद केली, तर कुत्रे सूचनेवाचून चावू लागते.

फाटलेली चप्पल पाहून धनी ओरडतो, कुत्रे मान घालते, आणि त्याला अपराध उमगला असे मानले जाते. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या २००९ सालच्या प्रयोगात मात्र हे ओशाळेपण कृत्याशी नव्हे, तर धन्याच्या रागावण्याशी निगडित आढळले.

तेव्हा आधी पशुवैद्याकडून रेबीजची लस टोचून घ्यावी. मग शांत कोपरा द्यावा, जेवणाची वेळ पाळावी, झोपेतून उठताच व जेवणानंतर बाहेर न्यावे. तेथे विधी उरकताच, त्याच क्षणी पोळीचा तुकडा द्यावा. उशिरा दिलेल्या बक्षिसाचा अर्थ त्याला लागत नाही.

कंटाळून ते पुन्हा तलावाकाठी सोडले, तर त्याची भीती खरी ठरते. धीर धरला, तर एके दिवशी ते आपण होऊन पायाशी येऊन बसते. त्याचे दत्तविधान त्या दिवशी पुरे होते.