आधी विहिरीचं बोलू



जानेवारी २०२० मध्ये याच धाराशिव शहरात ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. नगरीला तेरच्या गोरोबाकाकांचं नाव होतं. उद्घाटक होते ना. धों. महानोर आणि अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. गावोगाव तेव्हा वाद रंगला तो धर्मगुरूने अध्यक्ष व्हावं की नाही याचा. त्या गदारोळात एक गोष्ट निसटली असं मला वाटतं. एक कवी पळसखेडच्या रानात पाणी अडवणारा, दुसरा लेखक वसईच्या विहिरींसाठी रस्त्यावर उतरलेला, आणि दोघे एकाच मांडवात, टँकरची सवय झालेल्या जिल्ह्यात बसलेले. त्या मांडवात पाण्याचं बोलणं सगळ्यात मोठं व्हायला हवं होतं. महानोर २०२३ मध्ये गेले, दिब्रिटो २०२४ मध्ये. राहिलेलं ते बोलणं आजच्या या संमेलनात करायचं आहे.

विषय साधा आहे. लहान गावाने पर्यावरणाच्या कामात आधी काय हाती घ्यावं? पैसा थोडा, माणसं थोडी, कामं ढीगभर. अशा वेळी क्रम कोण लावतो यावरच सगळं ठरतं.

वसईचं उदाहरण घेतो. केळीच्या बागा, पानवेली, फुलशेती आणि वाडीवाडीत गोड्या पाण्याची विहीर, अशी ती किनारपट्टी. मुंबई वाढत वाढत तिच्या दारात आली आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस हिरवा पट्टा बांधकामाला खुला होण्याची वेळ आली. दिब्रिटो आणि त्यांच्या सोबत्यांनी हरित वसई संरक्षण समितीतून विरोध उभा केला. जमिनीइतकंच ते पाण्यासाठीही भांडत होते, कारण वसईच्या विहिरींचं पाणी टँकरमधून बाहेर चाललं होतं. किनाऱ्यावरच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. वरचं गोडं पाणी भराभर उपसलं की खालचं खारं वर चढतं. एकदा विहीर खारट झाली की पुन्हा गोडी यायला कित्येक पावसाळे लागतात. चळवळीत आलेल्या सामान्य बाईला भूजलशास्त्र शिकवावं लागलं नाही. पाण्याची चव बिघडली होती, तेवढं तिला पुरेसं होतं.

तुम्ही म्हणाल, समुद्राकाठच्या गावाची कथा समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटर उंच असलेल्या धाराशिवला कशाला? खरं तर समुद्र आपल्याला अगदीच परका नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या ‘पेरिप्लस’मध्ये आलेलं तगर म्हणजे आपलं तेर. इथला माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचा. तेरच्या लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती बाहुली पाहा, तिच्यासारखीच एक इटलीत पॉम्पेईला सापडली आहे. पण हा झाला अभिमानाचा भाग, आणि अभिमानाने हंडा भरत नाही.

मला वसई आठवते ती तिथल्या आणि इथल्या जमिनीतल्या फरकामुळे. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. पाणी धरतो तो वरचा मुरूम आणि झिजलेला दगड. त्याखालच्या अखंड कातळात फक्त भेगा, आणि भेगांत मावेल तेवढंच पाणी. वसईची विहीर खारट होऊन आधी इशारा देते. आपला कातळ इशारा देत नाही. बोअर काल चालू होता, आज नुसती हवा येते. मग शेजारी दुसरा बोअर, पहिल्यापेक्षा शंभर फूट खोल. २००९च्या भूजल कायद्याने अधिसूचित क्षेत्रात साठ मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला बंदी केली. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. बोअरच्या गाडीवाल्याला हा आकडा सांगून बघा, तो तुम्हाला चहा पाजेल.

धाराशिवच्या नळाला आज भीमेवरच्या उजनी धरणाचं पाणी येतं, शंभरेक किलोमीटरवरून. ज्यांनी त्याआधीचे उन्हाळे काढले त्यांना त्या नळाची किंमत मी सांगायला नको. शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेही आपण पाहिलं आहे. पण दूरचं पाणी आलं की जवळच्या पाण्याकडे पाठ फिरते. जुनी विहीर कचराकुंडी होते, भोगावती नदी असल्याचं पुलावरून जाताना नाकानेच कळतं. उजनीवरही सोलापूरपासून साखर कारखान्यांपर्यंत सगळ्यांचे डोळे आहेत. भीमेला एखादं वर्ष वाईट गेलं की आपल्याला पुन्हा याच मुरमाकडे यावं लागणार. म्हणून माझ्या क्रमात पहिलं काम भूजलाची मोजणी. प्रत्येक प्रभागात निदान एका विहिरीची पातळी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर मोजून ती नगरपालिकेच्या दारावर लिहायची. खालच्या पाण्याचा हिशोब पाहिल्याशिवाय नव्या प्लॉटिंगला परवानगी द्यायची नाही. या कामाला फीत कापता येत नाही, म्हणून ते नेहमी शेवटी ढकललं जातं.

लोकप्रिय क्रम वेगळा असतो, झाडं आधी. २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी वृक्षलागवडीचं उद्दिष्ट ठेवलं होतं. झाडाला माझा विरोध नाही, येडशीच्या रामलिंग घाटातली सावली मलाही हवीहवीशी वाटते. पण आपल्या जिल्ह्याचा मोठा भाग मुळात माळ आहे, आणि माळ म्हणजे झाडं तोडून उजाड झालेलं रान नव्हे. कुसळी, पवन्या या गवतांचा तो संसार आहे. त्यावर आपली उस्मानाबादी शेळी जगली आणि शेळीवर दुष्काळातलं गरिबाचं घर जगलं. अशा गायरानावर खड्डे घेऊन परदेशी झाडं लावायची, उन्हाळ्यात ती वाळवायची आणि जुलैत त्याच खड्ड्यांशी पुन्हा फोटो काढायचा, हे पर्यावरणाचं काम नाही. माळाला चराईची शिस्त द्या, पडीक म्हणून वाटून टाकू नका. बाकी गवताला कळतं.

ओढ्यांच्या कामासाठी मात्र थांबता येणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा आणि भूम तालुक्यांत जे झालं ते या सभागृहातल्या कित्येकांनी अंगावर झेललं आहे. दुष्काळी म्हणून नोंद असलेल्या गावांतून माणसं हेलिकॉप्टरने बाहेर काढावी लागली. पिकं तर गेलीच, काळी माती खरडून खाली दगड उघडे पडले. पीक पुढच्या वर्षी येईल, वीतभर माती व्हायला पिढ्या लागतात. वसईकरांनी जुलै २०१८ मध्ये हेच पाहिलं, दिवसचे दिवस घरं पाण्यात. पाण्याच्या वाटा बुजल्या की किनारा असो वा पठार, पाणी घरातूनच वाट काढतं. ढगफुटी आपल्या हातात नाही, पण ओढ्यातलं बांधकाम, नांगरून टाकलेले नाले आणि दारं न उघडलेले बंधारे आपलेच आहेत. नळदुर्गात बोरीचं पात्र किल्ल्यात घेऊन १६१३ मध्ये धरणाच्या भिंतीत पाणीमहाल बांधणाऱ्यांनी पुराच्या पाण्याला नर-मादी या सांडव्यांची वाट आधी ठेवली होती. ती भिंत अजून उभी आहे.

ऊस मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण इथे बसलेल्या अनेकांचा संसार त्यावर आहे, माझ्या नातलगांचाही. शेतकऱ्याला दोष देऊन चालणार नाही. तुरीला आणि ज्वारीला उसासारखी उचलीची हमी नाही, तोवर पाणी दिसलं की तो ऊसच लावणार. पण गावाचा पिण्याच्या पाण्याचा उद्भव आणि उसाचा बोअर एकाच भेगेवर असतील तर आधी कोण, एवढं गावाने ग्रामसभेत उघडपणे ठरवावं. उन्हाळ्यात तहसीलदार बोअर अधिग्रहित करतात तेव्हा ते ठरतंच, फक्त उशिरा आणि भांडून.

साहित्यिकांनी यात काय करायचं, असं कुणी तरी विचारणारच. दुष्काळावर कविता आपल्याकडे भरपूर आहेत, त्यात भर घालायची घाई नको. वसईच्या लढ्याला टिकवलं ते ‘सुवार्ता’ मासिकात आणि गावसभांत महिनोन्महिने चाललेल्या लिहिण्या-बोलण्याने. तसं चिवट, कंटाळवाणं वाटलं तरी न सोडलेलं लेखन आपल्याकडे कमी आहे. कोणत्या ओढ्याचं नाव काय, तो कुठे बुजवला, कोणत्या बारवेला कोणत्या साली शेवटचं पाणी होतं, हे म्हाताऱ्या माणसांकडून उतरवून घेणारं कुणी नाही. सातबाऱ्यावर हे सापडत नाही.

संयोजकांनी ठरावांचा मसुदा मला सकाळी दाखवला. त्यात अभिजात दर्जाचं अभिनंदन आहे, ग्रंथालयांच्या अनुदानाची मागणी आहे, दोन्हीला माझा पाठिंबा. आणखी एक ठराव घ्यावा. ज्या गावात पुढचं संमेलन होईल, त्या गावच्या पाच विहिरींची मे आणि ऑक्टोबरमधली पातळी उद्घाटनाच्या सत्रात वाचून दाखवावी, आणि आजच्या यजमान शहराचीही. वाचायला शाळेतली मुलं ठेवा, मोजायलाही तीच. अध्यक्षांचं भाषण त्यानंतर घ्या. वेळ कमी पडला तर तेच कापायला सोपं.