लेकीला एम. डी. मेडिसिन करायचंय, तर दवाखाना कसा पारखायचा?

गटाच्या बैठकीत आपण शेळीपालनाचं कर्ज, मसाल्याची गिरणी, बँकेचा हप्ता असं बोलत असतो. अलीकडं त्यात एक नवा विषय येऊ लागलाय. गटातल्या बायांच्या लेकी डॉक्टर व्हायला लागल्यात. एमबीबीएस झालं, इंटर्नशिप झाली, नीट पीजीचा निकाल लागला, आणि आता कॉलेजांची यादी भरायची आहे. एम. डी. मेडिसिनसाठी कोणतं कॉलेज वर लिहायचं, कोणतं खाली? बाप म्हणतो जवळचं बघ, मामा म्हणतो मोठ्या शहरातलं बघ. आई मात्र गप्प बसते. यातलं आपल्याला काय कळतंय, असं तिला वाटतं.

आज आम्ही त्या आईशी बोलणार आहोत. कारण तिला यातलं बरंच कळतं.

आधी मेडिसिन म्हणजे काय ते पाहू. शुगर, बीपी, हृदय, किडनी, लकवा, टीबी, डेंग्यू, साप चावणं, फवारणीचं औषध पोटात जाणं, असे पेशंट बघणारा डॉक्टर म्हणजे फिजिशियन. हे शिक्षण तीन वर्षांचं. ही तीन वर्षं मुलगी फक्त वर्गात बसत नाही. ती निवासी डॉक्टर म्हणून वॉर्डात काम करते, पगारासारखं विद्यावेतन घेते, प्रबंध लिहिते आणि परीक्षा देते. म्हणून कॉलेजची इमारत, गेट, बगीचा बघून काही कळत नाही. कॉलेजला जोडलेला दवाखाना हीच तिची खरी शाळा.

आपल्या आसपास बघा. धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२२ साली शंभर जागांनी सुरू झालं, आणि आपलं जिल्हा रुग्णालयच त्याला जोडलं गेलं. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. सोलापूरला डॉ. वैशंपायन स्मृती महाविद्यालय आणि त्याचं सर्वोपचार रुग्णालय, ज्याला आपण सिव्हिल म्हणतो. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाच्या तर नावातच ‘ग्रामीण’ शब्द आहे. आणि छत्रपती संभाजीनगरची घाटी, १९५६ पासूनची. ही सगळी सरकारी कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला संलग्न आहेत. म्हणजे कागदावर पदवी एकच. फरक पडतो तो वॉर्डात.

तो फरक ओळखायला आम्ही पाच प्रश्न सांगतो. लिहून घ्या.

पहिला प्रश्न, पेशंट कोणते येतात? मेडिसिन विभागात युनिटं असतात. प्रत्येक युनिटचा ओपीडीचा आणि तातडीच्या भरतीचा वार ठरलेला असतो. त्या वारी येणारे पेशंट त्या युनिटचे. भरतीच्या एका दिवसात किती पेशंट येतात आणि कशाकशाचे येतात, ते विचारायचं. एका ठिकाणी सर्पदंश आणि विषबाधा जास्त, दुसऱ्या ठिकाणी हृदयाचे आणि किडनीचे गुंतागुंतीचे पेशंट जास्त. लातूर आणि संभाजीनगरला केंद्राच्या योजनेतून सुपरस्पेशालिटी रुग्णालयं उभी राहिलीत. तिथं असंही विचारायचं, की हृदयाचा पेशंट थेट तिकडं जातो, की मेडिसिनच्या मुलींनाही तिथं पाळीपाळीनं शिकायला पाठवतात?

दुसरा प्रश्न, शिकवतं कोण? प्राध्यापक रोज राउंड घेतात का? रात्री दोन वाजता पेशंट अत्यवस्थ झाला, तर वरचा डॉक्टर हजर असतो का, की पहिल्या वर्षाची पोरगी एकटीच? जागा रिकाम्या असतील तर तिला काम भरपूर मिळेल, पण चुकलं तर सांगायला कोणी नसेल. त्यात तिचं नुकसान आणि पेशंटचंही.

तिसरा प्रश्न, दवाखान्यात आत काय होतं? आयसीयूत खाटा किती, व्हेंटिलेटर चालू आहेत का, डायलिसिस, टू-डी इको, सीटी स्कॅन, रक्तपेढी आत आहे का? हे तर आपल्याला पक्कं ठाऊक असतं. सासऱ्याला घेऊन आपण वॉर्डाबाहेर चार-चार रात्री काढलेल्या असतात. कोणती तपासणी आत होते आणि कोणत्या तपासणीला बाहेरची चिठ्ठी मिळते, हे पेशंटच्या नातेवाइकाइतकं कोणाला माहीत असणार? जी तपासणी बाहेर होते, ती आपल्या लेकीला नीट शिकायला मिळणार नाही, एवढं समजून घ्यायचं.

चौथा प्रश्न, काम किती आणि विसावा किती? एका युनिटात किती निवासी डॉक्टर आहेत? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांत लिहिलंय, की कामाचे तास वाजवी असावेत, आठवड्याला एक सुट्टी असावी, आणि वर्षाला वीस दिवस पगारी किरकोळ रजा मिळावी. दवाखान्याच्या गरजेप्रमाणे सुट्टी पुढंमागं होते. ती प्रत्यक्षात मिळते का, हे आत्ता तिथं शिकणाऱ्या मुलीच सांगतील. विद्यावेतन वेळेवर जमा होतं का, हेही त्यांनाच विचारायचं. खाजगी आणि अभिमत ठिकाणी वर्षाची फी लाखांत जाते. तिथं हा हिशेब आधी मांडा, मगच जमीन गहाण ठेवायचं बोला.

पाचवा प्रश्न सुरक्षेचा. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीवरच्या निवासी डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. विश्रांतीसाठी ती सेमिनार हॉलमध्ये गेली होती. त्यानंतर देशभर निवासी डॉक्टर संपावर गेले, आपल्या महाराष्ट्रातही. म्हणून विचारा: वॉर्डाजवळ मुलींना वेगळी खोली आहे का, तिला आतून कडी आहे का? वॉर्डातून होस्टेलकडं जाणाऱ्या वाटेवर उजेड आहे का? रात्री पहारेकरी असतो का? तक्रार समिती कागदावर आहे, की तिची माणसं मुलींना माहीत आहेत?

पण एक गोष्ट बजावून सांगतो. सुरक्षेचा प्रश्न विचारायचा तो चांगली जागा निवडण्यासाठी. ‘मग शिकूच नको, आधी लग्न करून टाकू’ असं म्हणण्यासाठी नाही.

आता जवळचं की लांबचं? घराजवळ असण्याचा आधार मोठा असतो, हे खरं. पण निवासी डॉक्टरला घरी यायला फारशी सवड मिळत नाही. कॉलेज पन्नास किलोमीटरवर असो की तीनशे, सणाला ती वॉर्डातच असण्याची शक्यता जास्त. जिथं शिकणं चांगलं तीच जागा वर लिहावी. काउन्सेलिंगमध्ये गुणक्रम आणि आपण लावलेला पसंतीक्रम, दोन्ही बघून जागा मिळते. म्हणून खरी आवड पहिल्या नंबरला लिहायची. निम्म्या सरकारी जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, निम्म्या राज्याच्या सीईटी कक्षाकडून. दोन्हीकडं नोंदणी करा. शिक्षणानंतरच्या सरकारी सेवेचा बाँड सही करण्याआधी वाचा.

आणि यात आपला स्वार्थही आहे. पीजीच्या प्रत्येक मुलीला तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करावं लागतं. ज्या मुलीनं फवारणीचं औषध प्यालेला शेतकरी आणि अंगात रक्त नसलेली ऊसतोड बाई नीट बघितलीय, ती तिथं आल्यावर गोंधळत नाही. महाडला राहून विंचूदंशावर काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर एम. डी. मेडिसिनच आहेत. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गावाकडच्या पेशंटकडून किती मोठं शिकता येतं, हे त्यांच्या कामातून दिसतं.

तेव्हा येत्या बैठकीत हे पाच प्रश्न वहीत उतरवून घ्या. कोणाच्या लेकीची, पुतणीची, भाचीची यादी भरायची असेल, तर दोघी-तिघी मिळून त्या दवाखान्याच्या ओपीडीत एक सकाळ बसून या. लेकीनं तिथल्या निवासी डॉक्टरांशी बोलावं, आईनं वॉर्डाबाहेरच्या नातेवाइकांशी. संध्याकाळी दोघींनी आपापलं सांगावं आणि मग यादी भरावी. सही लेकीचीच, निर्णयही तिचाच. पण त्या दिवशी आईनं गप्प बसायचं नाही.