शाळेमागचा माळ

(स्नेहमेळाव्यात पडद्यावर फोटो दाखवत केलेलं भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि सोबत एक सूचनाही दिली आहे, "वाघ-बिघ दाखव, मुलं कंटाळतील नाहीतर." वाघ एकच आणलाय. तो सुरुवातीलाच दाखवते, म्हणजे मुलं जेवायला मोकळी. हा पाहा, ताडोबाचा. छान आहे ना? यात जे दिसत नाही ते सांगते. माझ्या मागे आणि दोन्ही बाजूंना जिप्सींची रांग होती आणि प्रत्येक जिप्सीत कोणीतरी "जरा पुढे घ्या ना" म्हणत होतं. फोटो स्वच्छ आहे, मिशा मोजता येतात. पण त्यात ताडोबा कुठे आहे? बांबू नाही, तळं नाही, पानगळ नाही. हाच चेहरा प्राणिसंग्रहालयातसुद्धा मिळाला असता.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे हे तुम्हाला माहीत आहे. आठवडाभर स्क्रीन. त्यामुळे सुट्टी मिळाली की कॅमेरा घेऊन बाहेर पडायचं, हे गेली बारा वर्षं चाललंय. लडाख झालं, काझीरंगा झालं, एकदा पैसे साठवून केनियात मसाई मारालाही जाऊन आले. तिथे पहिल्या दिवशी गाडीच्या छपरातून डोकं बाहेर काढलं आणि समोर काय होतं, तर माळ! लांबच लांब वाळलेलं गवत, मधूनच एखादं बाभळीच्या जातीचं झाड, वर भलंमोठं आभाळ. नवरा म्हणाला, "हे तर तुमच्या गावासारखंच दिसतंय." विनोदाने म्हणाला, पण ते खरं होतं. तिथला माळ बघायला जगभरातून लोक लाखो रुपये खर्चून येतात आणि आपल्या माळाला आपण पडीक म्हणतो.

आज मला त्या पडीक माळाबद्दलच बोलायचं आहे. बाकीचे फोटो तिथलेच आहेत. काही आपल्या शाळेमागच्या गायरानावरचे, काही आसपासच्या तालुक्यांतले.

माळावर फोटो काढणं तसं अवघडच. डोंगरात गेलात की फ्रेम आयती मिळते: एक सुळका, एक दरी, थोडं धुकं. माळावर नजर अडेल असं काहीच नसतं. क्षितिजाची रेघ कुठे ठेवायची हाच काय तो निर्णय. आभाळात काही घडत असेल, म्हणजे परतीच्या पावसाचे ढग असतील, तर रेघ खाली घ्यायची. आभाळ कोरं असेल तर वर न्यायची आणि जमिनीला बोलू द्यायचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत पिकतं तेव्हा सूर्याच्या दिशेला तोंड करून बसायचं. उन्हाची तिरीप मागून आली की कुसळीचा एकेक तुरा पेटल्यासारखा दिसतो. हा फोटो तसाच काढलाय. यात गवताशिवाय काही नाही, आणि मला तो वाघापेक्षा आवडतो.

मोज्यांत घुसलेली कुसळं मात्र फोटोत येत नाहीत. ती घरी जाऊन एकेक उपटावी लागतात. लहानपणी आई ओरडायची, आता नवरा.

दुसरी गोष्ट वेळेची. माळावर उजाडल्यापासून साधारण दोन-अडीच तास, बस्स. त्यानंतर जमीन तापते, तिच्यावरची हवा तापते, आणि कमी-जास्त तापलेल्या हवेच्या थरांतून येणारा प्रकाश वाकतो, थरथरतो. विज्ञानाच्या सरांनी मृगजळ शिकवलं होतं, तेच. मोठी लेन्स लावली की ही थरथर आणखी वाढून दिसते. पुष्कळ लोक घरी येऊन फोटो बघतात आणि लेन्सला दोष देतात. दोष बिचाऱ्या लेन्सचा नसतो, साडेदहा वाजल्याचा असतो.

हा पुढचा फोटो. यात लांडगा आहे. सापडतोय का? नाही, तो दगड आहे... उजवीकडे, बोराटीच्या झुडपाशेजारी. हां, तोच. नखाएवढा.

मला नेहमी विचारतात, एवढा लहान का ठेवलास, कापून मोठा कर की. करता येतो. पण मग बाकीचं सगळं जाईल. नीट बघा. त्याच्या मागे धूळ उडतेय ती मेंढरांची. धनगरांचा वाडा उतरलाय तिथे. त्याच्या पलीकडे उसाचा हिरवा चौकोन. डावीकडे विजेचे मनोरे. आणि अगदी कडेला तो पांढरा फलक, त्यावर 'एनए प्लॉट विकणे आहे' लिहिलंय. त्या लांडग्याचं खाणं, त्याची भीती आणि त्याचं भविष्य, सगळं या एका चौकटीत आहे. त्याचा नुसता चेहरा दाखवला तर यातलं काही कळणार नाही.

हा फोटो गाडीतून काढलाय. इंजिन बंद, काच खाली, दीड तास बसून. दोन पायांवर चालणारा माणूस दिसला की जनावर बिथरतं, उभ्या गाडीचं त्याला तितकं वाटत नाही. माझा नियम साधा आहे. माझ्यामुळे त्याने वाट बदलली, तर मी जास्त जवळ गेले. तो स्वतःहून जवळ आला तर आपलं नशीब.

एक आकडा सांगते. २०२२ च्या गणनेनुसार भारतात वाघ ३,६८२. लांडगे किती? अभ्यासकांचा अंदाज देशभरात मिळून साधारण तीन हजारांच्या घरातला आहे. म्हणजे वाघांहून जास्त नक्कीच नाहीत. कायद्याने दोघेही पहिल्याच अनुसूचीत, सारख्याच संरक्षणाचे. पण वाघाला जंगल मिळालं. लांडग्याला मिळालेली जागा म्हणजे आपल्या सातबाऱ्याच्या आणि गायरानाच्या मधल्या पट्ट्या. पुण्याजवळ सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, ते ५.१४ चौरस किलोमीटर. कर्जतजवळ रेहेकुरीचं काळविटांचं तर २.१७. लांडग्याचं एक कुटुंब रात्रीतून याच्या आरपार जातं.

आणि माळढोक. त्याच्या नावातच माळ आहे. सोलापूरकडच्या नान्नजचं अभयारण्य १९७९ सालचं, खास त्याच्यासाठी केलेलं. माझ्याकडे माळढोकाचा एकही फोटो नाही. सबंध देशात आता दीडशेच्या आसपास, कदाचित त्याहूनही कमी उरलेत, बहुतेक राजस्थानात. महाराष्ट्रातून तो जवळजवळ गेलाच. त्यामुळे तो फोटो मी दाखवू शकत नाही, पुढेही दाखवू शकेन असं वाटत नाही.

हा भोवत्या. थंडीत मध्य आशियातून, कझाकस्तानकडून येतो. गवतावरून हातभर उंचीने तरंगत जातो, म्हणून शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर ठेवावं लागतं. रात्री तो झाडावर बसत नाही, गवतात जमिनीवर झोपतो. नाकतोडे हे त्याचं आवडतं खाणं, म्हणजे शेतकऱ्याचा मित्रच. हा फोटो शाळेमागच्या टेकाडावरून, दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेच्या संध्याकाळी काढलाय. मागे पाण्याची टाकी दिसतेय ना, ती आपलीच.

आता आपल्या ग्रुपवरचा नेहमीचा प्रश्न, "लोकेशन टाक ना." मी टाकत नाही, आणि काही जणांना त्याचा राग आलाय हेही मला ठाऊक आहे. इथे माझा धंदा उपयोगी पडतो. डिजिटल फोटोच्या फाइलच्या पोटात चित्रासोबत बरीच माहिती असते: तारीख, वेळ, लेन्स, आणि फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशसुद्धा. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती गळून जाते. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तशीच्या तशी जाते. म्हणजे आपण तोंडाने काही सांगितलं नाही तरी फाइल सांगते. दुसऱ्या तालुक्यात एके ठिकाणी लांडग्याच्या पिल्लांचा फोटो असाच फिरला. पुढच्या रविवारी बांधावर गाड्यांची रांग. कोणी ढोलीच्या तोंडाशी वाकून बघतंय, कोणी शिट्ट्या मारतंय. मादीने रात्रीतून एकेक पिल्लू तोंडात धरून हलवलं, असं तिथल्या मेंढपाळाने मला सांगितलं. सगळी पोहोचली की नाही, ते त्यालाही माहीत नव्हतं. तेव्हा लोकेशन विचारू नका. घरी या, चहा देते, फोटो मोठा करून दाखवते.

शेवटचा विषय जरा नाजूक आहे.

संध्याकाळच्या बैठकीत आपल्या तुकडीचा उपक्रम ठरणार आहे. निधी जमलाय आणि प्रस्ताव असा आहे की शाळेमागच्या गायरानावर दोन हजार झाडं लावायची, चर खणायचे, ठिबक टाकायचं, तारेचं कुंपण घालायचं. प्रस्ताव मांडणारे माझे जवळचे मित्र आहेत. वनमहोत्सवाला आपल्याकडून खड्डे खणून घेणाऱ्या बाई समोर बसल्या आहेत. त्यांनी लावून घेतलेल्या कडुनिंबांच्या सावलीतच आज आपला मांडव आहे. त्यामुळे झाडांच्या विरोधात बोलायला उभं राहणं सोपं नाही. मी झाडांच्या विरोधात नाही. मी त्या जागेबद्दल बोलतेय.

आपला भाग पर्जन्यछायेचा. या पावसात आपल्या मुरमाड जमिनीवर निसर्गानेच गवत ठेवलंय आणि मध्ये मध्ये बोर, हिवर, बाभूळ. तिथे झाडं कमी आहेत कारण ती तोडली गेली असं आपण धरून चालतो, पण माळ म्हणजे मेलेलं जंगल नव्हे. इंग्रजांच्या काळात ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती 'वेस्ट' ठरली. तो शब्द कागदावर राहिला आणि तिथून आपल्या डोक्यात आला. गेल्या काही दशकांत अशा कितीतरी माळांवर ग्लिरिसिडिया लावला गेला. पुण्याहून येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघा. लांबून हिरवं दिसतं. खाली सावलीत गवत विरळ होत जातं.

आणि पक्ष्यांचं काय होतं? आता दाखवते तो धाविक. केवढा देखणा आहे, डोळ्यावरची पांढरी पट्टी बघा. तो, पखुर्डी, चंडोल, माळटिटवी ही सगळी मंडळी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. लांबून शत्रू दिसावा एवढाच त्यांचा बचाव. तिथे दाट झाडं आली की कावळ्याला आणि शिकऱ्याला बसायला टेहळणीची जागा मिळते. म्हणजे आपण हौसेने पाणी घालून त्यांच्या वैऱ्याला मचाण बांधून देणार. कुंपण घातलं की मेंढरंही बंद, आणि गायरान हे मुळात गावाच्या गुरांसाठी आहे. आपल्यातल्या दोघांच्या घरी अजून मेंढरं आहेत. त्यांना या प्रस्तावाबद्दल कोणी विचारलंय का, हे मला माहीत करून घ्यायचं आहे.

कोणी म्हणेल, हिला फोटो हवेत म्हणून ही अडवतेय. हवेतच. पण मी वर्षातून चार वेळा येते, चरायला मेंढरं रोज जातात.

पैशांचं काय करायचं, तर झाडं जरूर लावूया. एसटी स्टँडपासून शाळेपर्यंतच्या रस्त्यावर एकही सावली उरलेली नाही. मुलं दुपारी भाजत जातात. तिथे वड, कडुनिंब, करंज लावा, मी पहिला खड्डा खणते. नव्या वर्गखोल्यांच्या पश्चिमेला लावा. माळावर खर्च करायचाच असेल तर वेडी बाभूळ उपटायला करा. ओढ्याकडून ती दरवर्षी वर सरकतेय. आणि गावातल्या कुत्र्यांना लस टोचायला करा. माळावर हिंडणाऱ्या मोकाट कुत्र्यांचे रोग लांडग्यांना लागतात, शिवाय पुणे परिसरात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर जनुकीय तपासणीतून दिसून आलाय. लस टोचली तर मुलांचंही भलं होईल, रेबीज काही फक्त जनावरांना होत नाही.

ज्यांना हौसेने बघायचं आहे त्यांच्यासाठी वनविभागाने कडबनवाडी आणि शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली आहे. गाइड तिथलेच, वाट ठरलेली. आपल्या गायरानावर असं काही व्हावं का, ते गावाने ठरवावं. मी आग्रह धरणार नाही.

माझं एवढंच मागणं आहे की बैठकीत मत देण्याआधी एकदा तिथे जाऊन या. उद्या सकाळी मी जाणार आहे. पावणेसहाला शाळेच्या फाटकापाशी. कॅमेरा नसला तरी चालेल, फोन पुरे, पण फ्लॅश बंद. कपडे मळखाऊ घाला, पांढरे नकोत. बूट घाला, चपलेत कुसळं जातात. लहान मुलांना आणा, फक्त आधी खाऊ घालून आणा. सरांच्या आणि बाईंच्या गुडघ्यांसाठी टेकाडापर्यंत गाडी जाईल, त्यापुढे खुर्च्या नेऊ. बैठक संध्याकाळऐवजी उद्या दुपारी ठेवता येईल का, ते संयोजकांनी जेवताना सांगावं.